चिमूटभर मीठ, चमचाभर साखर

आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले. बारावीला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं आणि जीवशास्त्राला जो रामराम ठोकला तो ठोकलाच. त्यामुळे "पुस्तिकेसाठी विज्ञानावर काहीतरी लिहा" असा समितीचा निरोप आला तेव्हा थोडा घामच फुटला. पण यंदाचा निधी गावाकडच्या लहान मुलांच्या आरोग्यासाठी जाणार आहे, म्हणून विषयही तिथलाच घेतला: जलसंजीवनी, म्हणजेच ओआरएस.

लहानपणी जुलाब झाले की आई मीठ-साखरेचं पाणी पाजायची. अंगातलं पाणी जातं म्हणून पाणी, घामासारखं मीठही जातं म्हणून मीठ, इथवर ठीक. पण साखर कशाला? आम्हाला वाटायचं, चवीसाठी! खरं उत्तर पेशीच्या दारात दडलेलं आहे.

१६६५ मध्ये रॉबर्ट हूक यांचं सूक्ष्मदर्शकावरचं पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. बुचाच्या पातळ कापात त्यांना खोल्यांसारखे कप्पे दिसले, म्हणून त्यांनी नाव दिलं 'सेल'. ते कप्पे रिकामे होते. जिवंत पेशी मात्र गजबजलेला वाडाच. आत केंद्रक असतं, त्यात सगळ्या सूचना (आमच्या भाषेत सोर्स कोड). तंतुकणिका म्हणजे वीजघर. रायबोसोम प्रथिनं तयार करतात. आणि वाड्याभोवतीची भिंत म्हणजे पेशीपटल. ही भिंत जेमतेम ७-८ नॅनोमीटर जाडीची, म्हणजे मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ! ती बनते स्निग्ध रेणूंच्या दोन थरांची. तेलातून जसं मीठ विरघळून जात नाही, तसंच मीठ आणि साखर या भिंतीतून आरपार जाऊ शकत नाहीत. ऑक्सिजन सहज जातो; बाकीच्यांना दार लागतं. ही दारं म्हणजे भिंतीत बसवलेली प्रथिनं.

दारांचे प्रकार वेगवेगळे. काही नुसते बोगदे असतात. जिकडे गर्दी कमी तिकडे पदार्थ आपसूक जातो. काही मात्र पंप. सोडियमचा पंप दर फेरीला ३ सोडियम बाहेर काढतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. त्यासाठी तो वीजघरातली ऊर्जा खर्च करतो. डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये तो शोधला आणि त्याबद्दल त्यांना १९९७ चं नोबेल मिळालं. या पंपामुळे पेशीत सोडियम कायम कमी असतं, आणि बाहेरचं सोडियम आत यायला टपलेलं असतं. पाण्याचा स्वभाव मात्र साधा: जिकडे मीठ-साखर जास्त, तिकडे पाणी त्यांच्या मागोमाग. यालाच आपण शाळेत परासरण म्हणायचो.

आता येऊ या पटकीकडे, म्हणजे कॉलऱ्याकडे. आपल्याकडे तिला लोक मरीआईचा कोप म्हणत. इथे लंडनमध्ये १८५४ साली सोहोतल्या ब्रॉड स्ट्रीटवर तिने शेकडो बळी घेतले. रोग पंपाच्या पाण्यातून पसरतो हे डॉ. जॉन स्नो यांनी दाखवलं आणि पंपाचा दांडा काढायला लावला. त्या पंपाची प्रतिकृती आजही तिथे उभी आहे. कधी त्या बाजूला गेलात तर जरूर बघा. पण आजारी माणसाच्या आतड्यात काय घडतं, ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

घडतं ते असं. कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशींतलं क्लोराइडचं दार उघडंच ठेवतं. मीठ बाहेर वाहतं, मागोमाग पाणी. गंभीर रुग्णाचं तासाला लिटरभर पाणीसुद्धा जाऊ शकतं. नुसतं पाणी पाजून भागत नाही, मीठ घातलं तरी पुरत नाही. पण एक दार शाबूत राहतं बरं का! त्या दाराची अट अशी की सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत यायचे. एकटा आला तर प्रवेश नाही. रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी १९६० मध्ये मांडली. म्हणजे साखर चवीसाठी नाही. ती मिठाची जोडीदार आहे. दोघं आत गेले की पाणीही त्यांच्या पाठोपाठ जातं.

याची खरी कसोटी लागली १९७१ मध्ये. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला होता. बंगालमधल्या बनगावला शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ-साखरेचं पाणी कालवून रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. ना मोठी यंत्रं, ना परिचारिकांची फौज. २०२२ मध्ये ते गेले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा: प्रमाण चुकवू नका. साखर जास्त झाली तर परासरण उलटं फिरतं आणि पाणी आतड्यात ओढलं जातं. म्हणून जुलाबात मुलांना कोला किंवा गोड ज्यूस देऊ नये. इथे फार्मसीत तयार पुड्या मिळतात, पाकिटावर लिहिलंय तितक्याच पाण्यात कालवाव्यात. मूल मलूल झालं, लघवी कमी झाली तर डॉक्टरांना गाठावं. आपली कोकणातली मीठ घातलेली तांदळाची पेजही हेच दार उघडते, कारण तांदळातल्या पिष्टाचं आतड्यात ग्लुकोज होतं. आजीला दार माहीत नव्हतं, किल्ली मात्र होती!

जगात आजही दरवर्षी पाच वर्षांखालची लाखो मुलं जुलाबाने दगावतात. त्यांच्या पेशींतलं ते दार उघडंच आहे. किल्लीची पुडी मात्र काही पेन्सची असूनही सगळ्यांच्या घरी वेळेत पोचत नाही. देणगीचं पाकीट भरताना एवढं आठवलं तरी आमचा लेख सार्थकी लागला.