दांडी पुढे, इंजिन मागे, दुखणं मध्येच

जळगावातल्या पिंप्राळ्याचा आषाढी एकादशीचा रथ ना क्लच मागतो ना गिअर. वळवायचा असो की थांबवायचा, चाकाखाली लाकडी मोगरी सरकवली की काम झालं. त्याच रस्त्यावर रथाच्या मागे अडकलेल्या जुन्या नॅनोवाल्याला मात्र पहिला गिअर टाकताना घाम फुटतो.

तर टाटांच्या या नॅनोचीच गोष्ट. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत पहिल्यांदा दिसली, २३ मार्च २००९ रोजी मुंबईत बाजारात आली, २०१८ मध्ये बनायची थांबली. पुढचं बॉनेट उघडलं तर स्टेपनी आणि पेट्रोल भरायचं तोंड! ६२४ सीसीचं, दोन सिलिंडरचं इंजिन बसलंय मागच्या सीटखाली. पहिल्यांदा बघणारा हमखास चुकीच्या टोकाला उभा राहतो.

गिअरबॉक्सही मागेच. त्यामुळे गिअरच्या दांडीपासून तिथवर दोन लांब वायरी जातात. दांडी आडवी हलवली की एक ओढली जाते, पुढेमागे केली की दुसरी. शिवाय पेडलपासून निघालेली क्लच वायर. म्हणून गिअर पडेना झाला की लगेच ‘गिअरबॉक्स उतरवा’ म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे जरा संशयानेच बघावं. आधी वायरी, मग बाकीचं.

फुकटातली तपासणी. गाडी सपाटीवर, इंजिन बंद. सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर पहिला अडतो, रिव्हर्स कर्रकन ओरडतो? मग क्लच पूर्ण सुटत नाही. बहुतेक वेळा क्लच वायर ताणून सैल झालेली असते. नट फिरवून ॲडजस्ट केली की गाडी वळणावर येते. पण पेडलला थोडी ढील ठेवायला सांगा. हौसेने जास्त ताणली तर क्लच प्लेट घसरून जळते, आणि मग खर्च वायरीचा राहत नाही.

बंद गाडीतही दांडी जड? मग मागे जाऊन गिअरबॉक्सच्या बाजूने वायरी सोडवायच्या आणि तिथला लिव्हर हाताने हलवायचा. लिव्हर हलका चालला तर गुन्हेगार वायर. लिव्हरच जड असेल तर दुखणं आतलं. ‘भाऊ, आधी वायर सोडून दाखवा’ एवढं एक वाक्य गॅरेजमध्ये म्हणता आलं तरी बिलाला लगाम बसतो.

आपली माती, आपलं ऊन. वायरीच्या टोकांना रबरी बूट असतात. ते फाटले की पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आत शिरतो आणि मे महिन्यात, पारा ४५च्या आसपास असताना, तिथेच घट्ट बसतो. अशा वायरीत ऑइल ओतून मिळणारं समाधान दोन दिवसांचं. नवी टाकलेली बरी.

दांडी नुसतीच खुळखुळते, तिसरा शोधताना पहिला सापडतो? टोकाचे बुश झिजलेत. वस्तू बोटाच्या पेराएवढी, ताप गाडीएवढा. बुश ठीक असूनही गिअर सटकत असेल तर इंजिनाची फाउंडेशन रबरं बघा. ती बसली की इंजिन हलतं, वायरींचं माप बदलतं. आणि फक्त दुसराच गिअर घासत असेल, बाकीचे गुणी असतील, तर ते सिंक्रोनायझरचं काम. तेव्हा मात्र गिअरबॉक्स उघडायला ना म्हणू नये.

रिक्षावाले आधीच शहाणे. बजाजने मागे इंजिन असलेली रिक्षा १९७७ मध्येच आणली. ‘आरई’ म्हणजे रिअर इंजिनच! मूठ पिळून गिअर, तोही वायरीवरच. म्हणून नॅनोच्या वायरीचं दुखणं रिक्षाच्या मिस्त्रीला चटकन कळतं, असं आमचं मत.

आणि मागे इंजिन असलेलीच बीटल. २ कोटी १५ लाखांहून जास्त बनलेल्या या फोक्सवॅगनमध्ये वायर नाही, सरळ लोखंडी सळई. ती गाडीच्या मधल्या बोगद्यातून मागे जाते. मागच्या सीटखालचं झाकण काढलं की सळई आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा कपलर दिसतो. त्याचा स्क्रू सळईवरच्या खळग्यात नेमका बसावा लागतो. जरा सरकला की गिअर गायब. रिव्हर्सची तर वेगळीच तऱ्हा: दांडी आधी खाली दाबायची, मग डावीकडे, मग मागे. हे ठाऊक नसलेला नवा मालक गाडी ढकलत मागे घेतो आणि वर विकणाऱ्याला शिव्या घालतो.