मदत कोणाच्या मर्जीने?

महाडजवळच्या सव गावी गरम पाण्याचे झरे आहेत. सांधे धरलेली माणसे तिथे स्नानाला येतात. एखाद्याला मुलगा हात धरून नेतो, एखाद्याला भाऊ उचलून घेतो. ही माया मोठीच. पण पाणी किती कढत सोसेल, बाहेर केव्हा यायचे, हे ठरवायचे कोणी? ज्याच्या अंगाला चटका बसतो, त्यानेच.

घरात मात्र हे विसरले जाते. अपंग माणसाला अन्नवस्त्र मिळते. पण त्याच्या पेन्शनचे पासबुक भावाच्या ट्रंकेत, आणि जमिनीची बोलणी त्याच्या पाठीमागे. ‘त्याला काय झेपणार?’ असे वर ऐकवतात. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक स्वतः चाकाच्या खुर्चीवर वावरणाऱ्या. त्यांनी १९८४ साली अपंगांसाठी संस्था उभी केली. कारभार पाहायला पाय लागत नाहीत.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा हेच सांगतो. त्याच्या १३ व्या कलमाप्रमाणे मालमत्ता बाळगण्याचा, वारसा मिळवण्याचा, आपला पैसा आपण सांभाळण्याचा हक्क अपंग व्यक्तीला इतरांइतकाच आहे. तिला मदतनीस घेता येतो, आणि नको झाला तर बदलताही येतो. पैशाच्या वा जमिनीच्या व्यवहारात मदतनीसाचा स्वतःचा स्वार्थ आड येत असेल, तर त्याने त्या व्यवहारातून बाजूला व्हायचे असते. मग ज्याला पुरेशी मदत देऊनही निर्णय घेता येत नाही, त्याचे काय? त्याच्यासाठी १४ व्या कलमात मर्यादित पालकाची सोय आहे; पण त्या पालकानेही त्याच्याशी विचारविनिमय करूनच निर्णय घ्यायचा.

महाडच्या मातीला हा विचार परका नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा प्रश्न नुसत्या तहानेचा नव्हता, हक्काचा होता. दुसऱ्याने वरून ओतलेल्या पाण्याने तहान भागते, हक्क मिळत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गातल्या अधू मुलाला कुठे बसायचे आहे, खेळात कोणता डाव घ्यायचा आहे, ते आधी त्यालाच विचारा. उत्तराला वेळ लागला तर थांबा. चुकला तर चुकू द्या. सगळीच मुले चुकतमाकत शिकतात. आणि घरच्या मंडळींनो, ते पासबुक आज ट्रंकेतून काढा आणि ज्याचे त्याच्या हाती द्या. वाचता येत नसेल, तर त्याच्याशेजारी बसून वाचून दाखवा.