जॅझ गिटारसाठी छोटा अ‍ॅम्प घेताय? आधी हे वाचा

माझे बाबा तरुणपणी नोकरीनिमित्त मुंबईत होते. 1978 मध्ये सुरू झालेल्या जॅझ यात्रेचे कार्यक्रम तेव्हा रंगभवनात व्हायचे. तिथे ऐकलेली गिटार त्यांच्या डोक्यातून कधी गेलीच नाही. म्हणून साठाव्या वाढदिवसाला आम्ही भावंडांनी पैसे जमवून त्यांना पोकळ बॉडीची इलेक्ट्रिक गिटार दिली. सोबत दुकानदाराने सुचवलेला एक छोटा अ‍ॅम्पही घेतला. वडोदऱ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन महिने रोज रियाज झाला, मग गिटार कपाटावर गेली. बाबा म्हणाले, ‘‘माझा हातच बसत नाही गं.’’

हात बरोबर होता. अ‍ॅम्प चुकीचा होता आणि हे कळायला मला सहा महिने लागले. तुमच्या घरी कुणी जॅझ शिकत असेल, तर तुमचे सहा महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय.

दुकानात मिळणारे बहुतेक स्वस्त छोटे अ‍ॅम्प रॉक वाजवणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. त्यात आवाज मुद्दाम फाडला जातो आणि रॉकमध्ये तो छानही वाटतो. जॅझचं गणित उलटं आहे. जॅझच्या एका कॉर्डमध्ये चार-पाच वेगवेगळे सूर असतात आणि त्यातला प्रत्येक सूर सुटा ऐकू यावा लागतो. अ‍ॅम्पची ताकद संपली की ते सूर एकमेकांत मिसळतात. मोकळा भात मागवावा आणि पानात गुरगुट्या भात पडावा, तसं काहीसं! आवाज फाटायच्या आधी अ‍ॅम्पमध्ये जी मोकळी जागा शिल्लक असते, तिला हेडरूम म्हणतात. जॅझसाठी अ‍ॅम्प घेताना पैसे या हेडरूमचे मोजायचे. डब्यावर लिहिलेल्या पन्नास इफेक्ट्सचे नाही.

वॉटच्या आकड्यालाही भुलू नका. 10 वॉटचा अ‍ॅम्प बदलून 20 वॉटचा आणला, तर आवाज दुप्पट होत नाही. फरक फक्त 3 डेसिबलचा पडतो, म्हणजे जेमतेम जाणवेल एवढा. घरच्या रियाजाला 3 ते 10 वॉट भरपूर झाले. ड्रम्स असलेल्या ग्रुपबरोबर वाजवायचं असेल, तर मात्र स्वच्छ आवाजाचे 50 वॉट किंवा जास्त लागतील.

त्यापेक्षा स्पीकर बघा. गिटारची सर्वात जाड तार मोकळी छेडली की साधारण 82 हर्ट्झचा सूर निघतो. तीन इंची स्पीकरला तो पेलत नाही. मग जॅझचा तो गोल, उबदार आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. माझ्या मते घरासाठी साडेसहा किंवा आठ इंची स्पीकर हा चांगला मध्य आहे.

नावात जॅझ आहे म्हणून

रोलंड कंपनीचा जॅझ कोरस हा अ‍ॅम्प 1975 मध्ये आला आणि स्वच्छ आवाजासाठी जगभर गाजला. पण त्याचं वजन 28 किलोच्या आसपास! तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय, कोण नेणार? त्याचं धाकटं भावंड जेसी-22 हे 30 वॉटचं आहे, त्यात साडेसहा इंची दोन स्पीकर आहेत, पण वजन तरीही 12 किलोला टेकतं. घरात या खोलीतून त्या खोलीत नेण्यापुरतं ते पोर्टेबल. याच कंपनीच्या मायक्रो क्यूबमध्ये 3 वॉट आणि 5 इंची स्पीकर मिळतो, पण तो तीन किलोंहून हलका आहे आणि सहा पेन्सिल सेलवर चालतो. क्यूब स्ट्रीटचं वजन पाच किलोच्या आसपास, स्पीकर साडेसहा इंची दोन आणि सेलवर तोही चालतो. प्रवास बराच असेल तर मला हा जास्त पटतो.

व्हॉल्व्हच्याच अ‍ॅम्पमध्ये खरा आवाज असतो, असं सांगणारे तुम्हाला भेटतीलच. जो पास हे जॅझ गिटारमधलं केवढं मोठं नाव! पण त्यांनी वर्षानुवर्षं पॉलिटोनचे ट्रान्झिस्टरवाले अ‍ॅम्प वापरले. तेव्हा हलका ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प घेताना संकोच नको.

दुकानात जाताना स्वतःचीच गिटार न्या. विक्रेता सगळे इफेक्ट लावून तुम्हाला खूश करेल, ते सगळे बंद करायला सांगा. मानेकडचा पिकअप निवडा, टोनचं बटण थोडं खाली घ्या आणि एक भरगच्च कॉर्ड वाजवा. आवाज हळूहळू वाढवत तो कुठे फाटतो ते ऐका. मग अगदी कमी करा, शेजारी झोपलेत असं समजून. तेवढ्या आवाजातही सूर भरीव राहिला तर अ‍ॅम्प कामाचा. आम्ही हे काहीच केलं नव्हतं.

घरी आणल्यावर

अ‍ॅम्प जमिनीवर ठेवू नका, स्टुलावर ठेवा. नाहीतर आवाज पायाशी जातो आणि ऐकू येत नाही म्हणून आपण तो उगाच वाढवतो. पोकळ गिटार घेऊन अ‍ॅम्पच्या अगदी समोर बसलात, तर गिटारची पेटी घुमून हूऽऽ असा आवाज सुरू होईल. जरा बाजूला सरका, बेस कमी करा. आणि सतत गुणगुण येत असेल तर अ‍ॅम्पला दोष देण्याआधी भिंतीतला प्लग पॉइंट तपासा. जुन्या इमारतींमध्ये अर्थिंग नसतंच कितीदा. तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर वाजवणं थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवा. थ्री-पिनची तिसरी पिन काढून काम भागवणं तर अजिबात नको. सेलवरच्या अ‍ॅम्पला मेन लाइनची ही कटकट नाही, आमच्या घरी तोच आला.

वेस मॉन्टगोमरी या अमेरिकन गिटारवादकाची एक गोष्ट सांगितली जाते. दिवसा नोकरी आणि रात्री रियाज, त्यात अ‍ॅम्पच्या आवाजाची तक्रार. म्हणून त्यांनी पिक बाजूला ठेवलं आणि अंगठ्याने वाजवायला घेतलं. तो मऊ आवाजच पुढे त्यांची ओळख बनला. मी बाबांना हे सांगितलं, तर त्याच रात्री त्यांनी पिक डब्यात टाकलं, व्हॉल्यूम दोनवर ठेवला आणि अंगठ्याने हळूच एक कॉर्ड वाजवली. शेजारच्या खोलीत आईची मालिका चालू होती. तिने टीव्हीचा आवाज वाढवला नाही.