पी. पी. नंबरचं इंटरनेट

मुंबई परिसरात टेलिफोनची एक हद्द होती, रेल्वेच्या नकाशात ती दिसत नसे. ठाणं शहर एमटीएनएलचं, कोड ०२२. कल्याण-डोंबिवली दूरसंचार खात्याची, २००० नंतर बीएसएनएलची, कोड ०२५१. ठाण्याहून दादरचा फोन लोकल, डोंबिवलीहून एसटीडी. नेट तेव्हा फोन लावूनच मिळे, त्यामुळे ठाणेकर नेटचा वेग विचारी, तर डोंबिवलीकर आधी विचारी, ‘नंबर लोकल धरतात ना?’

विदेश संचार निगमानं १५ ऑगस्ट १९९५ ला नेट सर्वांना खुलं केलं तेव्हा वेग होता ९.६ केबीपीएस, आणि चित्रं दिसणारं खातं पंधरा हजारांच्या घरात. १९९८ अखेर खासगी कंपन्यांना मुभा मिळाली, ५६ केचे मोडेम आले, आणि गल्लोगल्ली सायबर कॅफे, कॉम्प्युटर क्लास, सीएंची ऑफिसं यांच्यापुढे एकच पेच उभा राहिला : लाइन एक, खातं एक, मशिनं पाच.

तोडगा पी. पी. नंबरचा होता. फोन एकाच बिऱ्हाडात, पण तो नंबर मजल्यावरच्या सगळ्यांच्या कार्डावर. फोन आला की काकू हाक मारणार. मोडेम जोडलेलं मशीन म्हणजे त्या काकू. बाहेरून मिळालेला आयपी नंबर एकच. आतल्यांना १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी नंबर, जे बाहेर चालतच नाहीत. म्हणून ठाण्याच्या नौपाड्यातल्या आणि डोंबिवलीच्या फडके रोडवरच्या दुकानांत एकाच वेळी १९२.१६८.०.१ असलं तरी भांडण नाही. कोणी काय मागवलं याची नोंद ठेवायची आणि उत्तर त्याच्या हवाली करायचं, एवढंच मोडेमवाल्या मशीनचं काम.

१९९९ साली विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय आयतीच आली. त्याआधी न्यूझीलंडचं विनगेट होतं. फुकटात हवं तर लिनक्स, त्याची सीडी पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर मिळे. पण स्वस्तातले आतल्या कार्डाचे मोडेम लिनक्सला बहुधा ओळखता येत नसत, मग दिव्यांचा बाहेरचा मोडेम घ्यावा लागे, आणि फुकटेपणा तिथेच संपे.

छप्पन्न किलोबिट म्हणजे कागदावर सेकंदाला सात किलोबाइट. पाच जणांत भागले तर उरणार काय? पण माणूस पान मागवतो, मग वाचत बसतो. तेवढ्यात शेजाऱ्याचं पान उतरतं. मेल आणि चॅटपुरतं हे गणित उत्तम जमे. एकानं गाणं उतरवायला घेतलं की मात्र सगळे ठप्प. मालकाची खरी तांत्रिक देखरेख म्हणजे त्या एकाला हुडकणं.

खरा खर्च मात्र वेगळीकडेच लपलेला असे. कुठल्याही मशीननं नेट मागितलं की मोडेम आपणहून डायल करी. आउटलुक दर दहा मिनिटांनी मेल तपासायला ठेवलेलं. रात्री ऑफिस बंद, मशीन चालू. दर वेळी नवा कॉल, किमान एक पल्स. बिल आल्यावर सगळे एकमेकांकडे बघत. शहाणा माणूस हे आपोआप डायल होणं आधी बंद करी. तो शहाणा सहसा पहिल्या बिलानंतर होई.

आतली वायरही लहरी. जुन्या कोएक्स केबलवर सगळी मशिनं एकाच माळेत, दोन टोकांना पन्नास ओहमचे टर्मिनेटर. झाडू मारताना एक टी-जोड सैल झाला की सगळं नेटवर्क झोपलं. पावसाळ्यात टेलिफोनच्या सांध्यांत पाणी शिरे, लाइन खरखरे आणि मोडेम २८.८ वर उतरे. वरच्या खोलीतून कुणी समांतर फोन उचलला तर तेही नाही. लाइनचं दुखणं हबनं सुटणारं नव्हे, असं रिपेअरवाला सांगे आणि तरी हब विकून जाई.

२००५ च्या जानेवारीत बीएसएनएलचा डेटावन आला. फोन आणि नेट एकाच तारेवर, पल्सची कटकट नाही. वाटपाचं काम कॉम्प्युटरकडून मोडेमच्या डबीत गेलं, आणि ते जोडून देणाऱ्यांचा धंदा रिस्टार्टवर आला. आता तर मोबाइल कंपन्याच असंख्य ग्राहकांना एका आयपी नंबरामागे बसवतात. त्यासाठी २०१२ साली १००.६४ पासूनची वेगळी मालिका राखून ठेवली आहे.