सहारचे दुसरे दार

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे एखाद्या वाचकाच्या मनात येईल. पण परमुलखातली मंडळी घरी येतात ती दिवाळीलाच, आणि चार माणसे एकत्र बसली असतानाच अशा गोष्टी बोलून ठेवता येतात. म्हणून थोडे धाडस करतो.

मीरा रोड किंवा भाईंदरच्या इमारतींत जरा चौकशी करून पाहा. कुणाचा मुलगा दुबईला, कुणाचा जावई मस्कतला, कुणाचा भाऊ बोटीवर, तर कुणाची लेक अमेरिकेत. मिठागरांच्या आणि शेतांच्या या मुलखात बघता बघता इमारती उभ्या राहिल्या. २००२ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या शिरगणतीत वस्ती आठ लाखांवर गेली. इथल्या कितीतरी घरांना सहारच्या विमानतळाची वाट पाठ आहे. कठड्याला टेकून उभे राहायचे, ओळखीचा चेहरा दिसला की हात हलवायचा आणि बॅगा टॅक्सीत चढवून दहिसरमार्गे घर गाठायचे.

पण त्या विमानतळाला आणखी एक दार आहे, मालाचे. माणूस परदेशी वारला, तर तो त्या दाराने घरी येतो.

अवेळी फोन वाजतो. पलीकडे मुलाच्या खोलीतला सोबती असतो. बातमी कळल्यावर आईचा पहिला प्रश्न एकच असतो, “त्याला कधी आणणार?” आणि नेमके त्याचेच उत्तर कुणापाशी नसते.

पूर्वी असा प्रश्न फारसा उद्भवतच नसे. बोटीने आठवडेच्या आठवडे जात. देह परत यायचा तो एखाद्या थोर पुढाऱ्याचाच. विठ्ठलभाई पटेल २२ ऑक्टोबर १९३३ रोजी जिनिव्हानजीक वारले. त्यांचा देह आगबोटीने मुंबईला आणला आणि १० नोव्हेंबरला सोनापुरात त्यांचे दहन झाले. मध्ये एकोणीस दिवस गेले. धाकटे बंधू वल्लभभाई तेव्हा नाशिकच्या तुरुंगात होते. अंत्यविधीला जाऊ देण्यासाठी सरकारने घातलेल्या अटी त्यांनी पत्करल्या नाहीत, आणि ते गेले नाहीत.

आता विमान काही तासांत येते. मग दिवस का लागतात? अभिनेत्री श्रीदेवी २४ फेब्रुवारी २०१८ रोजी दुबईत वारल्या. त्यांच्यासाठी खासगी विमानाची सोय झाली होती. तरी तिथल्या पोलिसांचा आणि सरकारी वकिलांचा तपास आटोपेपर्यंत थांबणे भाग पडले. देह मुंबईत पोचला २७ तारखेच्या रात्री. तेव्हा आपल्या मुलाला पाच-आठ दिवस लागले, तर आपण गरीब म्हणून कुणी अडवून धरले, असे लगेच मनाला लावून घेऊ नये.

देह विमानात चढवण्यापूर्वी तो टिकावा म्हणून शिरांतून औषध भरतात. त्याला एम्बामिंग म्हणतात. दुबईत हे काम मुहैस्ना भागात होते, आणि कामगारांच्या त्या वस्तीला तिकडचे लोक सोनापूर म्हणतात. मुंबईकराच्या तोंडी सोनापूर म्हणजे स्मशान! नावे ठेवणाऱ्यांच्या हे ध्यानीमनीही नसेल.

कागद मुख्यतः पाच लागतात. तिथल्या सरकारचा मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचा दाखला, पेटी नीट बंद केल्याचा दाखला, भारतीय वकिलातीचे ना-हरकत पत्र आणि रद्द केलेला पासपोर्ट. मृत्यूचा दाखला अरबीत किंवा दुसऱ्या परकी भाषेत असेल, तर त्याचे इंग्रजी भाषांतर जोडावे. इकडे विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्याचे नियम १९५४ सालचे आहेत. २०२३ पासून केंद्र सरकारच्या ‘ई-केअर’ या व्यवस्थेत हे कागद आधीच संगणकावरून पाठवता येतात.

खर्चाचे काय? नोकरीच्या करारात अनेकदा मालकाची जबाबदारी लिहिलेली असते, ती आधी वाचावी. विम्याच्या कागदातही देह परत आणण्याचे कलम असू शकते. कुणाचाच आधार नसेल, तर २००९ पासून भारतीय वकिलातींकडे गरजूंसाठी एक कल्याण निधी आहे. तो मागण्यात लाज कसली? मृत्यूची नोंद वकिलातीत करून तिच्या दाखल्याच्या प्रती मात्र जास्तच घ्याव्यात. पुढे बँकेत आणि विम्याच्या कचेरीत त्याच लागतात.

कागदांच्या आधी घरच्यांनी एक गोष्ट ठरवायची असते. देह आणायचा, की तिकडेच निरोप देऊन अस्थी आणायच्या? अस्थिकलश माणसाला सोबत घेऊन येता येतो आणि खर्चही पुष्कळ वाचतो. पण सौदी अरेबियात दहनाची सोय नाही, तिथे हा मार्ग बंद. मुसलमान कुटुंबे कित्येकदा तिथेच लवकर दफन करणे पसंत करतात. कुठल्याही घराला दुसऱ्या घराचा हिशेब लावू नये. चेहरा पाहिल्याशिवाय जिला खरे वाटणारच नाही अशी आई असेल, तर खर्च आणि दिवस सोसावेत. पण ‘लोक काय म्हणतील’ एवढ्यासाठी कर्ज काढून देह आणवू नये.

अस्थींना घाई नसते, हेही खरे. श्यामजी कृष्णवर्मा १९३० साली जिनिव्हात वारले. त्यांच्या अस्थी भारतात आल्या त्या २००३ साली, तब्बल त्र्याहत्तर वर्षांनी.

आणि आपल्या आनंदीबाई जोशी! अमेरिकेत डॉक्टर होऊन त्या मायदेशी आल्या आणि १८८७ साली पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा मात्र समुद्र ओलांडून उलट दिशेने गेली. तिकडे मायेने सांभाळणाऱ्या कार्पेंटरबाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, आपल्या घराण्याच्या दफनभूमीत तिला जागा दिली. आपले माणूस जिथे कुणाला आपले वाटले, तिथली जागाही अगदीच परकी नसते.

या दिवाळीत परदेशातला मुलगा घरी आला, तर फराळ झाल्यावर त्याच्याकडून एवढे मागून घ्या. पासपोर्टची प्रत, नोकरीचा करार, विम्याचा कागद, मालकाचा आणि खोलीतल्या सोबत्याचा फोन नंबर. सगळे एका लिफाफ्यात घालून कपाटात ठेवा. आई म्हणेल, “सणासुदीला कसले अभद्र बोलता!” म्हणू द्या. तो लिफाफा कधीच उघडायला न लागो. पण लागलाच, तर तिच्या त्या एका प्रश्नाचे उत्तर द्यायला घरात कुणीतरी असेल.