हुमणीचीं तांबडीं कलेवरें

ऊस पिवळा पडून नुसत्या हातानें बेट उपटून येऊं लागलें म्हणजे आमच्या बागाईतदार बंधूंस हुमणीची निराळी ओळख द्यावी लागत नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां असे वाळलेले पट्टे आम्हीं पुष्कळ पाहिले. आणेवारी लिहिली आणि पुढच्या गांवीं गेलों. निवृत्तीनंतर तीच आपत्ति स्वतःच्या उसावर आली.

गतवर्षीं हुमणीवरील सूत्रकृमींची पुडी आणून आम्हीं ती भर दुपारीं कोरड्या सरींत टाकली. सर्व वाया गेलें, दोष आमचाच. यंदा पाणी देऊन सायंकाळीं टाकली. कांहीं दिवसांनीं माती उकरली तों अळ्या विटेसारख्या तांबड्या होऊन मेलेल्या! नवल हें कीं, त्या कुजल्या नव्हत्या.

त्याचें कारण असें. हिटरोऱ्हॅब्डायटिस नांवाच्या या कृमीच्या आंतड्यांत फोटोऱ्हॅब्डस नांवाचे जीवाणु असतात. कृमि अळींत शिरून ते ओकतो व सुमारें दोन दिवसांत अळी मरते. मग त्या कलेवरावर दोघेहि पोसतात. परंतु मातींत खाणारीं तोंडें थोडीं का आहेत? बुरशी, इतर जीवाणु, मुंग्या, सर्व टपलेलींच. त्यांस दूर ठेवणारीं द्रव्यें हे जीवाणु तयार करतात. अंधारांत तें कलेवर मंद उजळतेंहि.

औषधसंशोधकांचें लक्ष येथेंच गेलें. जें द्रव्य परक्या जीवाणूंस मारतें, पण यजमान कृमीस बाधत नाहीं, तें इतर प्राण्यांसहि सोसण्याचा संभव अधिक. २०१९ सालीं बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठांतील किम लुईस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं फोटोऱ्हॅब्डसपासून डॅरोबॅक्टिन मिळविल्याचें प्रसिद्ध केलें. सात अमिनो आम्लांची ही साखळी ई. कोलायसारख्या चिवट जीवाणूंच्या बाह्य आवरणाची रचनाच बिघडविते. उंदरांत गुण आला. माणसाचें औषध होण्यास अनेक परीक्षा उतराव्या लागतात. दुसरें द्रव्य मात्र त्यांतून पार पडलें. याच जीवाणूंत सांपडलेलें टॅपिनारोफ अमेरिकेंत २०२२ सालीं सोरायसिस या त्वचारोगावरील मलम म्हणून मान्य झालें.

हें धन केवळ परदेशच्या मातींत नाहीं. हिटरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही जात कोइमतूरकडील मातींतून मिळाली व १९९२ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध झालें. मात्र पुडींतला माल सजीव आहे, हें विकणारा व घेणारा दोघेहि विसरतात. तयार केल्याची तारीख पाहावी, पुडी सावलींत व थंड ठेवावी, टाकल्यावर ओल मोडूं देऊं नये.

तांबडीं कलेवरें आम्हीं परत सरींतच पुरलीं. त्यांतून हजारों नवे कृमि बाहेर पडतात.