गटाचा पैसा गटाच्याच नावावर

वणी तालुक्यात आज खेडोपाडी बचत गट, शेतकरी गट, भजनी मंडळे चालू आहेत. कुठे शंभर, कुठे दोनशे रुपये दरमहा जमतात. पैसा जमतो, पण तो ठेवायचा कोठे? “अध्यक्षांच्या खात्यात टाका, माणूस चांगला आहे,” एवढ्यावर पुष्कळदा हा प्रश्न मिटविला जातो. बंधुभगिनींनो, भांडणाचे बी येथेच पेरले जाते.

माणूस चांगला असतोच. पण बँकेच्या लेखी ती रक्कम त्याची एकट्याची. त्याचे काही बरेवाईट झाले, तर ती त्याच्या वारसांच्या हाती जाते. त्याचे कर्ज थकले, तर खाते अडकू शकते. मग गटाने दाद मागायची कोणाकडे?

नोंदणी नाही म्हणून गटाचे खाते निघणार नाही, हा समज चुकीचा आहे. नाबार्डने 1992 साली 500 गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. पुढे रिझर्व्ह बँकेने बिननोंदणीच्या बचत गटांनाही बचत खाते उघडण्याची मुभा दिली. अशा खात्यासाठी सर्व सभासदांची ओळखपत्रे लागत नाहीत, पदाधिकाऱ्यांची पुरतात. सोबत सभेचा ठराव न्यावा. भजनी मंडळासारख्या बिननोंदणीच्या मंडळाकडे पॅन नसेल, तर 60 नंबरचा फॉर्म भरून देता येतो. मात्र गट खते-बियाण्यांचा व्यापार करणार असेल, तर त्याला चालू खाते लागते. त्यावर व्याज मिळत नाही.

आता बँक कोणती निवडावी? पहिली पारख ठेवविम्याची. विमा असलेल्या बँकेत एका ठेवीदाराची मुद्दल व व्याज मिळून 5 लाख रुपयांपर्यंतची ठेव सुरक्षित असते. ही मर्यादा 2020 साली 1 लाखावरून वाढविण्यात आली. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही, हे ध्यानात ठेवा. उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने 2021 साली निर्बंध घातले आणि 2022 साली तिचा परवाना रद्द केला. अशा वेळी लहान ठेवीदाराला आधार असतो तो या विम्याचाच.

दुसरी पारख अंतराची. बारा जणींनी दरमहा दोनशे रुपये टाकले, तर वर्षाला 28,800 रुपये होतात. कोणी एक टक्का व्याज जास्त देऊ केले, तरी पूर्ण रकमेवर वर्षाचे 288 रुपयेच. दूरच्या शाखेत सह्यांसाठी दोघींनी चार खेपा केल्या, की ते एसटीच्या तिकिटातच गेले! म्हणून बाजाराच्या दिवशी सहज जाता येईल अशी शाखा बघा. किमान शिल्लक किती, चेकबुकाला व संदेशांना पैसे किती, हेही आधीच विचारून घ्या.

तिसरी गोष्ट सह्यांची. अध्यक्ष, सचिव व कोषाध्यक्ष यांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने पैसे निघतील, असा ठराव करा. त्या दोघी एकाच घरातल्या नसाव्यात. अशा खात्याला बँका बहुधा एटीएम कार्ड देत नाहीत. ही अडचण वाटली, तरी तेच गटाच्या पेटीचे दुसरे कुलूप होय. कोऱ्या चेकवर मात्र आगाऊ सही करून ठेवू नये. पदाधिकारी बदलले, की नवा ठराव लगेच बँकेत द्यावा.

खाते उघडून विसरूही नका. दोन वर्षे व्यवहार झाला नाही, तर ते निष्क्रिय ठरते. उलट सहा महिने सभा, बचत आणि आपसातली कर्जे नियमित चालली, तर बचत गट बँकेच्या कर्जाला पात्र होऊ शकतो. कापसाचे चुकारे येईपर्यंत सावकाराचा उंबरठा टाळायचा, तर ही पत मोलाची आहे आणि ती गटाच्या खात्यावरच जमते.

तेव्हा येत्या सभेत पासबुक सर्वांसमोर मोठ्याने वाचा. त्यावर गटाचे नाव नसेल, तर खात्याचा ठराव त्याच दिवशी करून टाका.